भोक नसलेला शंख

स्वरलिपीत माझ्या ओळीवर
क्रिसांतानं पेन्सिलीनं लिहिलंय:
अकरा आवर्तनं. फुंक मार. आवाज येणार नाही.

हॉर्न मांडीवर ठेवायचा
आणि खुर्चीखालचा शंख उचलायचा,
बंद टोकाचा, समुद्रानं दिला तसाच.
पहिल्या दिवशी गाल फुगवून मी फुंकलं
तेव्हा मागचे ट्रॉम्बोनवाले हसले.
मेस्त्रो बेलार्मिनो म्हणाले, बाई,
लोक तिकीट काढून येतात,
त्यांना वाटेल वाद्य बिघडलं.
ती म्हणाली, वाटू दे.
केत्सालकोआत्ललाही तसंच वाटलं होतं.

तो खाली गेला होता, मिक्तलानात,
हाडं मागायला. बुडालेल्या जगातल्या माणसांची.
नवी माणसं घडवायला दुसरं सामानच नव्हतं.
तिथला धनी म्हणाला, ने की.
फक्त हा माझा शंख वाजवत
चार फेऱ्या मार.

देतो म्हणत न देण्याची ही रीत
मला ओळखीची वाटली.
हलापाच्या नगरपालिकेतला खिडकीमागचा माणूसही
नाही म्हणालाच नव्हता.
वडलांच्या कबरीची सात वर्षं फेब्रुवारीत भरली,
जागा रिकामी करायची.
पावती आणा. पावती होती. मग शिक्का आणा.
शिक्क्याचा माणूस गुरुवारी येतो.
चार गुरुवार मी फेऱ्या घातल्या,
कुणाच्या नावानं शंख न करता.

गोष्टीत पुढे किडे येतात, शंख पोखरतात,
पोखरलेल्या वाटेनं माश्या आत शिरतात.
त्या माश्या ऐकवायला क्रिसांतानं आम्हाला
बसमध्ये कोंबून क्वेत्सालानला नेलं,
मावशी तिबुर्सियाच्या परसात.
तोंडाला तोंड लावलेली मातीची मडकी,
सांधा राखेनं लिंपलेला,
आत बिननांगीच्या, जवसाएवढ्या माश्या.
मावशी म्हणाली, कान लावा.
पण घरात भांडून आला असाल तर लांब राहा,
त्यांना कळतं, त्या घर सोडून जातात.
दुसरा आणि चौथा चेलो
एकमेकांकडे न बघता मागे सरकले.

तेव्हापासून आठव्या आवर्तनात
चौदा व्हायोलिनं तारेवर गज नुसता टेकवतात
आणि माझ्या हातातला मुका शंख
फक्त हातालाच कळेल इतका थरथरतो.

नंतर लावे उडतात.
रेमेदियोसच्या क्लॅरिनेटमधून, सहा स्वर, अगदी वरचे.
केत्सालकोआत्ल दचकतो, खड्ड्यात पडतो,
हाडांचं गाठोडं खाली, हाडांचे तुकडे.
म्हणून म्हणे आपण कुणी बुटके, कुणी उंच,
एका मापाचं कुणीच नाही.

तिथं माझा स्वर फुटला.
तीस वर्षं वाजवतोय,
लोक मला हाडाचा वादक म्हणतात,
आणि रोज, नेमका तिथंच.
मेस्त्रोंनी काठी थांबवली.
क्रिसांता खाली वाकली,
फुटलेल्या स्वराभोवती गोल काढला,
शेजारी लिहिलं: राहू दे.

पाचव्या गुरुवारी निकानोरनं खणलं.
पिठाच्या पोत्यात वडील मावले,
हॉर्नच्या पेटीपेक्षा हलके.
ड्रायव्हरनं विचारलं, दोन डागांचं भाडं घेऊ की एकाचं?
पायरीवर पाय अडखळला.
पडलो नाही.

गावच्या बँडमध्ये ते ट्यूबा वाजवायचे,
लग्नं थोडी, मयती जास्त.
ट्यूबाची मुखनळी आम्ही
त्यांच्या हातात ठेवली होती, तशीच पुरलेली.
तीही वर आली,
हिरवी पडलेली, मातीनं गच्च बुजलेली.

रात्री दिव्यासमोर धरली.
मातीतून केसाएवढी एक वाट गेली होती,
कुणाची कोण जाणे.
वाकडी असावी. पलीकडचा उजेड दिसेना.
ओठ लावले,
तर वारा गेला.

अजून धुतलेली नाही.